उजेड मागून

"काका, यात चेहरा कुठंय?"

हवालदार बाईंनी कॅमेरा महिपतरावांच्या हातात परत दिला. महिपतरावांनी बटण दाबून पुढचा फोटो आणला. खिडकीत बसलेल्या हौसाबाई. त्याच्या पुढचा, दारात तांदूळ निवडणाऱ्या हौसाबाई. त्याच्याही पुढचा, गांधारीच्या पुलावर, मागे मावळता सूर्य. सगळीकडे उजेड झकास होता आणि सगळीकडे हौसाबाई काळ्या होत्या.

"उजेड मागून घेतलाय, मॅडम. कडेनं बघा ना, केसांवर कशी रेघ उठलीय, रिम लाइट म्हणतात त्याला," महिपतराव म्हणाले, आणि आपण हे कुणाला आणि कुठं बसून सांगतोय ते ध्यानात येऊन ओशाळले. बायको सकाळपासून सापडत नव्हती.

उभा जन्म त्यांनी डोंबिवलीकरांच्या डोक्यावर ट्यूबलाइटी लावण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर कॅमेरा हातात आला. हौशी छायाचित्रकारांच्या कॅमेरा-कट्ट्यावरच्या सर्वेशनं सांगितलं, काका, दिवा समोर नको, माणसाच्या मागं घ्या. आणि या इलेक्ट्रिशियनला जे खूळ लागलं ते लागलंच. "यांच्या फोटोत मी म्हणजे नुसती काळी बाहुली," हौसाबाई शेजारणींना सांगायच्या. त्यांना विस्मरण जडलं त्याच्या आधीची ही गोष्ट. आता त्या काही बोलत नसत, बसवलं तिथं बसत, मान वळवली तिकडं बघत. महिपतरावांना हे बरं पडत होतं. वाईट आहे, पण खरं आहे.

"आधार कार्ड आणलंय ना?"

"त्यातली अंगानं भरलेली आहे, मॅडम. अंबाडा आहे. आजारपणात केस बारीक कापले, निम्मी झालीय ती. त्या फोटोवरून मीपण ओळखणार नाही."

"पोरांकडे असेल एखादा."

"पोरं नाहीत. आम्ही दोघंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाहेर पडल्या कशा?"

"दाराला बेल बसवलीय मी. दार उघडलं की वाजते. माझ्याच हातानं बसवलीय." महिपतरावांनी कॅमेऱ्याचा पट्टा मुठीत आवळला. "सकाळी बंद केलेली."

"का?"

"दारासमोरच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर आलेला. इवलासा पक्षी असतो. दार उघडताना बेल वाजली असती तर उडाला असता."

"मग?"

"तरी उडालाच. गच्चीवर गेला. मी मागं गेलो."

बाईंनी पुन्हा पेन उचललं. त्यांनी विचारलं, "साडी कुठली होती?"

महिपतरावांनी घाईघाईनं सकाळचा फोटो शोधला. शिंजीर येण्याच्या आधी खिडकीत काढलेला. हौसाबाईंच्या कापलेल्या केसांभोवती सोनेरी कड होती, कानाच्या पाळीतून ऊन लालसर दिसत होतं. साडी काळी होती.

"हिरवी असेल. नाही, तपकिरी." ते बाईंकडे बघेनात. "मॅडम, मी उजेड बघत होतो."

आणि त्यांना रडू फुटलं. पोलीस चौकीत, लोकांसमोर, एवढा मोठा माणूस तोंड झाकून रडला.

बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. "काका, गाडी फिरतेय आमची. तुम्ही हाच फोटो ग्रुपवर टाका. केस बारीक आहेत, बांधा कसा आहे, तेवढं तरी कळेल. तुमचा फोटोवाल्यांचा ग्रुप असेल की."

होता ना. विठ्ठलवाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत कट्ट्याची माणसं पसरलेली होती, आणि सगळी डोळे उघडे ठेवून फिरणारी. गवतातला किडा ज्यांना दिसतो त्यांना एक बाई दिसणार नाही? सकाळपासून पहिल्यांदा महिपतरावांना धीर आला. त्यांनी डोळे पुसले, फोटो मोबाइलवर घेतला आणि लिहायला बसले.

महिपतराव जुन्या वळणाचे. चार माणसांना काही सांगायचं तर आधी नमस्कार हवा. "कॅमेरा-कट्ट्यावरील सर्व ज्येष्ठ व कनिष्ठ छायाचित्रकार मित्रांना महिपत राणे यांचा सादर प्रणाम. आपण सर्व कुशल असाल अशी आशा करतो. आज एका विशेष कारणाने आपणास तसदी देत आहे." बायको हरवल्याचं वाक्य याच्या खाली आलं, त्याच्या खाली पत्ता, त्याच्या खाली फोन नंबर. मोबाइलनं ते सगळं 'रीड मोअर'च्या पोटात घातलं. वर राहिला फोटो आणि प्रणाम.

मोबाइल वाजला. महिपतरावांनी झडप घातली. टाळ्या वाजवणारे हात होते.

पुन्हा वाजला. "वा काका."

"रिम लाइट कडक."

"आजचा बेस्ट."

"मॅडम, हे वाचत नाहीयेत," ते म्हणाले. ते पुन्हा लिहायला लागले, पण घाईत अक्षर लागेना. बाईंनी मोबाइल मागितला, "द्या, मी लिहिते."

तेवढ्यात वर सर्वेशचं नाव आलं. तो सकाळपासून विठ्ठलवाडीच्या बाजूला हिंडत होता, मघाशीच त्यानं तिथला फोटो टाकलेला. नावापुढं 'टायपिंग' दिसत होतं.

"थांबा," महिपतरावांनी बाईंचा हात धरला. "याला दिसली असेल."

दोघंही स्क्रीनकडं बघत राहिले. सर्वेश लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. मग मेसेज आला.

"काका, अप्रतिम. लोकेशन कुठलं?"