मोकळी खुंटी

प्रयोगशाळेतल्या खुंट्या फक्त फेलोशिप मिळालेल्यांच्या. शाल्मलीचा अ‍ॅप्रन खिडकीच्या कडीला लटकायचा. जागा निघेल या आशेवर ती इथं मॅडमच्या हाताखाली बिनपगारी राबायची आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या खुंटीकडे बघत राहायची.

आज ती पेढे घेऊन आली. नॉर्वेतल्या विद्यापीठानं तिला पगारी पीएचडीला घेतलं होतं. कालच तिनं होकार कळवला होता. आता मॅडमचा निरोप घ्यायचा, अ‍ॅप्रन न्यायचा.

कडी रिकामी होती. अ‍ॅप्रन कोपऱ्यातल्या खुंटीवर होता, इस्त्री केलेला.

"पेढेसुद्धा आणलेस? म्हणजे कळलं वाटतं तुला!" मॅडम हसत आल्या. "मंजूर झाली गं तुझी जागा. भांडून घेतली." त्यांनी पेढा तोंडात टाकला.

शाल्मलीनं अ‍ॅप्रन अंगात घातला. नॉर्वेचं संध्याकाळी सांगू. आजचा दिवस तरी ही खुंटी आपली.