एवढ्यात लावू नका

काळोख बघायला हौसेने जाणारं आमचंच घर असावं. दर सुट्टीत त्याच गुहेत. आत खोलवर नेऊन गाईड दिवा मालवायचा, आणि आमची धाकटी हरखून म्हणायची, "काका, एवढ्यात लावू नका ना."

धाकटी तापाने गेली. त्यानंतर आज पहिल्यांदाच आलो. गाईड नवा होता. आमच्याखेरीज गुहेत कोणी नव्हतं.

त्याने दिवा मालवला.

"सगळे आहात ना?" मी सवयीने विचारलं.

"आहे," बायको म्हणाली.

"आहे, बाबा," थोरली म्हणाली.

मग शांतता.

अंधारात गाईड हसला. "बरं बाळा, नाही लावत एवढ्यात."

आमच्यापैकी कोणीच त्याला काही म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चला, आता लावतो हं."

बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"त्यांना सांगा ना," ती पुटपुटली, "नका लावू म्हणावं."