नवव्या नावापुढची फुली

कामगार संघटनेच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळपासून दहाबारा जणी प्रचाराचे फोन करत होत्या. कोरिनच्या यादीत नववं नाव आलं: व्हर्ना हाल्व्हरसन. तिची आई. सहा वर्षांत कोरिननं तिला फोन केला नव्हता. मुलगी झाल्याचंही कळवलं नव्हतं.

नावापुढे तीन चौकटी होत्या: घरी नाही, नकार, मयत. पहिल्या दोन्हींपैकी कशावरही फुली केली, तर उद्या पुन्हा फोन करावा लागे. कोरिननं फोन न लावताच, इकडंतिकडं बघत ‘मयत’वर फुली मारली. तिचे कान तापले.

“केवढी घाई बाई तुला!” शेजारची गेल हसली. “आमच्यासाठी ठेव की दोनचार मतदार.”

दहाव्या नंबरावर एक तरुण बोलत होता. त्याच्या मागून आवाज आला, “कुणाचा रे फोन? माझा आहे का?”

कोरिननं आईचा आवाज लगेच ओळखला. “घरात कोण आहे तुमच्या?”

“मी आणि कुत्रा. का?”

अकरावा नंबर पलीकडच्या गावचा होता. तिथंही तोच आवाज, जरा जवळून: “माझ्या मुलीचा असेल.”

कोरिननं फुली रबरानं पुसायला घेतली, पण ती शाईची होती. मग तिनं आईचा नंबर फिरवला. रिंग नुसती वाजत राहिली.

बाराव्या नंबरावरचा म्हातारा कुजबुजला, “बाई, मी एकटा राहतो. पण इथं कुणीतरी फोन मागतंय.”

पलीकडे रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

“कोरिन? बरं झालं गं, फोन केलास. इथून घरी कसं जायचं, सांगतेस का मला?”