स्थानिकांच्या नजरेतून

अमेरिकेतल्या हर्नडनच्या घरात बसून गिरिजा एका ट्रॅव्हल वेबसाइटसाठी इटलीतल्या लुक्का शहराबद्दल लिहायची. संध्याकाळी तटबंदीवर फिरायला कधी जावं, रविवारी गावातली माणसं कुठे जेवतात, सगळं तिला पाठ होतं. लेखाखाली नाव एका इटालियन बाईचं असायचं. व्हिसाच्या भानगडीत गिरिजा नऊ वर्षं अमेरिकेबाहेर पडली नव्हती. लुक्का तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

शेजारची लिंडा एका लग्नासाठी सांगलीला निघाली होती. म्हणाली, "तू तिथलीच ना? टुरिस्टना माहीत नसलेल्या दोन जागा सांग."

गिरिजानं सवयीनं लिहायला घेतलं आणि खात्री करायला आईला फोन लावला.

"आई, घाटावरची आबांची भेळ किती वाजता सुरू होते गं?"

"आबा जाऊन चार वर्षं झाली."

"आणि शाळेमागची बाग?"

"तिथे पार्किंग झालंय. सांगितलं होतं की तुला."

फोन ठेवून गिरिजानं लॅपटॉपवर सर्च केलं, 'सांगली, स्थानिकांच्या नजरेतून'. पहिलाच लेख त्याच नावाचा निघाला. अगदी घरच्यासारखा लिहिलेला, खाली एका बाईचं नाव.

निदान ही बाई तरी सांगलीत राहत असू दे, असं म्हणत तिनं लिंडासाठी तो कॉपी केला.