आंब्याची पानं

कात्री पुन्हा देठाशीच घसरली आणि कागदाचं पान तुटून गोविंदाच्या मांडीवर पडलं. आंब्याचं पान, बोटभर लांब, मधली शीर अर्धी कोरून झालेली. त्याने दोन्ही तुकडे ताटलीत टाकले, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि गुडघ्यावर ठेवला. तिथंही तो थरथरतच राहिला.

अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून हा हात त्याचं ऐकत नव्हता. पेणच्या डॉक्टरांनी बारीक काम करायला सांगितलं होतं. मुलगी दिशा घरी बसून लोकांना स्क्रॅपबुक करून द्यायची. फोटो चिकटवायचे आणि भोवती कागदाची फुलं, वेली, पाखरं हाताने कापून लावायची. तिनेच बापाच्या हातात छोटी कात्री दिली होती. संध्याकाळी ती त्याची ताटली पानं लावायला म्हणून उचलून न्यायची. नेताना म्हणायची, "छान झालीत बाबा."

आज पुस्तक पुरं झालं होतं. रोह्याच्या वृंदा टीचरच्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यासाठीचं. जित्याच्या स्टेशनावरून दुपारची गाडी धरून ते पोचवायचं होतं. दिशा आत तयारी करत होती. पुस्तक खाटेवर उघडंच पडलं होतं.

गोविंदाने ते डाव्या हाताने ओढून घेतलं.

पहिल्याच पानावर आंब्याचं भलं मोठं झाड होतं. खाली नवरानवरीचा जुना फोटो, वर डहाळ्या, आणि डहाळ्यांवर दाट पानं. प्रत्येकाचं टोक अणकुचीदार. प्रत्येकाची शीर केसासारखी बारीक आणि आरपार कोरलेली. तो खाली वाकून बघू लागला. त्याचं पान त्याला कुठंही ओळखता आलं असतं. काही केलं तरी देठाशी हात उडायचा आणि तिथं खाच पडायची. त्याने पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. मग शेवटचं.

"दिशा."

ती पिशवी खांद्याला अडकवून ओढणीला पिन लावत बाहेर आली.

"माझी कुठं लावलीस?"

"हायत ना. मागं बघ."

"मागं बघितलं. एक पण नाय."

दिशाने आईकडे पाहिलं. विमलबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"चुलीत घातली," ती म्हणाली.

"आई, गप ना."

"मग काय, जन्मभर लपवायचं? तुमची घालते चुलीत आणि पहाटे उठून आपण परत कापते. डोळे बघितलेत काय तिचे?"

गोविंदाने पुस्तक मिटायला घेतलं. डाव्या हाताने ते नीट मिटेना. दिशा मदतीला पुढे झाली तशी त्याने तिचा हात बाजूला केला.

"मग मी काय करू बाबा?" दिशाचा आवाज चढला. "लोकांच्या घरचं काम हाय. तशी पानं लावली असती तर घेतलं नसतं त्यांनी. तुला सांगून काय उपयोग होता? डॉक्टर बोलले, धीर देत जा. दिला मी धीर."

"असा देतात काय?"

"मग कसा देतात? तू सांग."

"वाकड्याला छान बोलून नाय देत." गोविंदाला बोलताना अजून धाप लागत होती. तो थांबला. "तू भाताच्या लावणीला पहिल्यांदा उतरलीस, तुझी रोपांची वळ वाकडी गेली. मी छान बोललो काय?"

"उपटायला लावलीस."

"रडलीस तू."

"रडले."

"पण दुसऱ्या दिवशी कशी लावलीस?"

खांद्यावरची पिशवी खाली ठेवून दिशा त्याच्यासमोर मांडी घालून बसली. ताटलीतलं एक पान तिने उचललं आणि दाराच्या उजेडात धरलं. इतके दिवस तिने त्या पानांकडे धड पाहिलंही नव्हतं.

"टोक बोथट हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"शीर मधी नाय, एका बाजूला गेलीय. देठ तर सगळ्यांचेच तुटलेत." तिने दुसरं पान उचललं. "तू कागद धरून ठेवतोस आणि कात्री फिरवतोस. कात्री हाय तिथंच ठेव. कागद फिरव, डाव्या हाताने. आणि घाई करतोस. कोण मागं लागलंय तुझ्या?"

"आणि?"

"आणि काय? एक पण लावण्यासारखं नाय."

तिने ओढणीने डोळे पुसले. विमलबाईने सूप खाली ठेवलं. "उठ आता, गाडी जाईल तुझी," ती म्हणाली. दिशाने पुस्तक कापडात गुंडाळून पिशवीत घातलं. गोविंदा तोवर नव्या कागदावर वाकला होता. कात्री त्याने मांडीवर टेकवून धरली होती आणि डावा हात कागद तसूतसूने फिरवत होता.

दिशा उंबऱ्यावर चपला घालत असताना त्याने हाक मारली.

"हे बघ."

ती परत आत आली. पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. देठ तुटला नव्हता, पण खाच होतीच.

"नाय," ती म्हणाली. "परत काप."

पान ताटलीत टाकून ती निघून गेली.

"अगो, निदान जाताना तरी..." विमलबाई तिच्यामागे अंगणापर्यंत गेली आणि चिडून परत फिरली. "बघितलंत, कशी बोलली?"

"बोलू दे गो तिला," गोविंदा म्हणाला आणि त्याने दुसरा कागद ओढला.