कारंज्याचं पाणी

“वैनी, कुणाला पटायचं नाही, पण आज मी नगरपालिकेला नाक घासायला लावलं!” पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला रंभाजी हौसाबाईच्या पायरीवर टेकला. थापा मारण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

पालिकेतल्याच त्याच्या वारलेल्या दोस्ताची ही बायको. पालिकेनं निवृत्तांच्या फंडातून बागेत रंगीत कारंजं उभारलं आणि तिची पेन्शन आठ महिने अडली; मोतीबिंदूचं ऑपरेशनही राहिलं.

“मंत्री कारंजं बघायला आले, अन् मी व्हॉल्व्ह बंद केला! कारंजं कोरडं ठाक. पालिकेचे साहेब माझ्या पाया पडले. म्हटलं, आधी वैनीची पेन्शन, मग पाणी. मंत्र्यांनी टोपीत नोटा गोळा केल्या!” त्यानं रुमालाची पुरचुंडी तिच्या हातात कोंबली. “उद्याच दवाखाना गाठा.”

हौसाबाईनं पुरचुंडी चाचपली. “भावजी, मोतीबिंदू डोळ्याला झालाय, अकलेला नाही. त्या कारंज्याला नळ जोडलेलाच नाही, टँकरनं भरतात. आणि आज तुमच्या सायकलची खडखड ऐकू आली नाही. विकलीत ना?”