गेनबा लोणकर, मुंढवा

साडेतीनला जहाजात पाणी शिरलं.

आधी तळाच्या खोल्यांत, मग जिन्यावर. वरच्या मजल्यावर मेजवानी रंगली होती आणि तिथल्या कुणाला अजून पत्ता नव्हता. कॅम्पातल्या त्या थिएटरात पंख्यांची घरघर सोडली तर चिडीचूप होतं.

शालूचं लक्ष पडद्यावर नव्हतं. तिच्या पायाशी कापडी पिशवी होती आणि शेजारी श्रीनिवासच्या पायाशी त्याची बॅग. खेळ सुटला की दोघं स्वारगेटला जाऊन सहाची कोल्हापूरची एसटी धरणार होती. तिथं श्रीनिवासचा मित्र लग्नाचं बघणार होता. चौऱ्याहत्तर सालचा मार्च चालू होता. शालू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि येत्या रविवारी उरुळीच्या एका बागाईतदाराच्या मुलाशी तिची सुपारी फुटायची होती.

तोवर लपायला थिएटरसारखी जागा नाही, असं श्रीनिवास म्हणाला होता. इंग्रजी सिनेमाला मुंढव्याचं कुत्रं फिरकत नाही.

तो मधूनमधून पडद्यावरचं बोलणं तिला मराठीत सांगत होता. पलीकडच्या खुर्चीतले काळी टोपी घातलेले गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "भाषांतर घरी करा. आम्ही साहेबाचं ऐकायला आलोय."

तेवढ्यात पडद्याच्या खालच्या बाजूला एक पाटी उमटली. प्रेक्षकांपैकी कुणाला तातडीचा निरोप आला की मॅनेजर काजळी धरलेल्या काचेवर नाव कोरायचा आणि ती काच चित्रावरच दाखवायचा. बुडत्या जहाजाखाली पांढरी, वेडीवाकडी अक्षरं थरथरत होती: श्री. गेनबा लोणकर, मुंढवा, यांनी ताबडतोब बाहेर यावे.

गेनबा लोणकर म्हणजे शालूचे वडील.

पाटी लागते ती आत बसलेल्या माणसासाठी. म्हणजे आबा आत होते. त्यांनी जन्मात इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता. ते आले असतील तर तिच्याच मागावर. मागच्या कुठल्या तरी रांगेत बसून तिच्या मानेकडे बघत असतील. आणि दारावर थोरला भाऊ बजरंग उभा असणार.

"उठू नकोस," श्रीनिवास कुजबुजला. "उठलीस की संपलं."

ती उठली नाही. कुणीच उठलं नाही. लोक माना वळवून गेनबा लोणकर कोण ते शोधत होते. शालूनं पदर डोक्यावरून ओढला आणि खुर्चीत आणखी खाली सरकली. पाटी गेली. पडद्यावर एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बंद दारावर मुठी आपटत होती.

थोड्या वेळानं पाटी पुन्हा लागली.

"जहाज बुडालं तरी हे लोणकर हलायचे नाहीत," टोपीवाले म्हणाले.

शालूला विहिरीवरचं इंजिन आठवलं. गेल्या वर्षी आबा त्याच्यापाशीच कोसळले होते. पुढच्या खेपेला हृदय आगाऊ कळवणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ते का उठत नाहीत?" तिनं विचारलं.

"तुला पकडायला बसलेत म्हणून."

"आणि उठता येत नसलं तर?"

श्रीनिवासनं तिचं मनगट धरलं. इंटरवल आता होईलच, गर्दीत आपण बाजूच्या दारानं बोळात निसटू, असं तो समजावू लागला. आज ती आबांच्या हाती लागली तर रविवारपर्यंत उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हेही त्यानं सांगितलं. तिला ते त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पडद्याच्या उजेडात तिनं एकेक रांग चाळून पाहिली. फेटा कुठं दिसेना. मान टाकलेल्या माणसाचा फेटा दिसतही नाही.

तिनं मनगट सोडवून घेतलं, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि लोकांचे पाय तुडवत दाराकडे गेली.

बाहेर उन्हाचा उजेड डोळ्यांत घुसला. चहाच्या काउंटरला टेकून गेनबा उभे होते. फेटा जागच्या जागी, तब्येत ठणठणीत. बजरंग कुठंच नव्हता.

"आबा, तुम्ही आत नव्हता?"

"म्या कशाला आत जातोय?"

"मग पाटी?"

"लेकीचं नाव चारचौघांत पडद्यावर लावू व्हय? म्हनलं, माझं लावा. वळखीचं नाव बघून येशील भाईर."

शालू खाली बघत राहिली. आता हात धरून ओढत नेतील, याची वाट बघत राहिली.

गेनबांनी सांगितलं, ते वेगळंच. सकाळी मंदाकिनी, शालूची मैत्रीण, रडत मळ्यावर आली होती. तिनं सगळं सांगितल्यावर ते तसेच उरुळीला गेले आणि सोयरीक मोडून आले. तिथं दोन शब्द ऐकून घ्यावे लागले.

"पोरगी पळाल्यावर मोडन्यापरीस आदी मोडल्यालं बरं," ते म्हणाले. "पन एस्टीनं जाऊन लगीन न्हाई करायचं. मांडव माझ्या दारात पडंल. पोरगं आत हाय नव्हं?"

तिनं मान डोलावली.

"मग बोलीव त्येला. उद्या त्येच्या बापाला भेटतो. आज च्या घिऊ." त्यांनी काउंटरवरच्या माणसाला तीन बोटं दाखवली.

ती पळतच आत शिरली आणि इंटरवलचे दिवे लागले. पिशवी तिच्या खुर्चीवर होती. शेजारची खुर्ची मिटलेली होती, तिच्यापुढची फरशी मोकळी. शालूनं दोन्ही बाजूंना पाहिलं, मागं पाहिलं, मग टोपीवाल्यांकडे पाहिलं.

"ते का?" ते म्हणाले. "तुम्ही दाराशी पोचला नव्हतात, तोच बॅग उचलून बोळाकडच्या दारानं गेले. मला वाटलं, हेच ते गेनबा लोणकर."